खळ्यावरचं बास्केटबॉल

सर,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा कधी गरज पडली नाही. तुम्ही कुठे सापडाल हे साऱ्या कर्जतला ठाऊक असायचं. मैदानावर नसलात तर मैदानाच्या वाटेवर. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी बरीच पुढे निघून आले आहे. या न्यायानं खरं तर मीच तुम्हाला 'काय रं' म्हणायला हरकत नाही. पण लिहायला बसले आणि पाठ आपोआप ताठ झाली. पोक काढून बसलेली मुलगी तुम्हाला खपत नसे.

तुम्हाला मोठ्या कॉलेजात जायचं होतं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुम्ही ते लपवलंही नाही. आपलं कॉलेज म्हणजे चार वर्ग, एक पत्र्याची शेड आणि प्राचार्यांची खुर्ची. खेळाच्या शिक्षकानं पंधरा ऑगस्टला कवायत घ्यावी आणि वर्षातून एकदा कबड्डीचं मैदान आखावं, एवढीच अपेक्षा. तुम्ही मुंबईत शिकताना बास्केटबॉल खेळला होतात, आणि तो खेळ शिकवायचं वेड डोक्यात घेऊनच परत आला होतात. अधूनमधून इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला किंवा पुण्याला मुलाखतीला जायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी गळ्यात. काय झालं म्हणून विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं. "आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग चहा आला. चहा आला की समजायचं, उठायची वेळ झाली." आम्ही हसायचो. तुम्ही हसवायचातच तसं. त्या आडनावानंतर चहाच का येतो, हे आमच्यातल्या अर्ध्या जणींना कळत होतं आणि अर्ध्या जणींना कळायला पुढं बरीच वर्षं लागली. माझे वडील भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर, आम्ही क्वार्टर्समध्ये राहणारे. मी त्या दुसऱ्या अर्ध्यातली.

मैदानाचं आठवतं का? सिमेंट मागायला तुम्ही प्राचार्यांकडे गेलात, तर ते म्हणाले, आधी शेडचं गळकं छप्पर बघू. माझ्या वडिलांनी साहेबांना विचारून पॉवर हाऊसच्या भंगारातले दोन पाईप मिळवून दिले, ते आपले खांब. फळ्या कुठून आल्या ते मी आजही विचारणार नाही. जमिनीचा मात्र काही तोडगा निघेना. माती भुसभुशीत, चेंडू पडला की तिथेच बसायचा. तेव्हा आपली कॅप्टन, शेलूच्या पलीकडच्या गावची, शेतकऱ्याची उंच पोर, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, आमच्यात खळं करतात ना, तसंच करू की. पाणी मारायचं, चोपायचं, सारवायचं. धूळ उडत नाय नि पाय घसरत नाय."

मग दिवाळीच्या सुमाराला आपण खळं केलं. भात झोडायला करतात तसंच, फक्त चांगलं ऐसपैस. मुरूम पसरला, पाणी शिंपडलं, लाकडी चोपण्या घेऊन आम्ही ओळीनं चोपत पुढं सरकलो. मग शेणाचा काला. वकिलांची मुलगी आपल्या संघात होती, तिनं जन्मात शेणाला हात लावला नव्हता. ती नाक धरून उभी. तुम्ही बाह्या दुमडल्यात, घमेल्यात हात घातलात आणि उकिडवे बसून सारवायला लागलात. सारवता सारवताच म्हणालात, "आमच्या आज्यानं जन्मभर दुसऱ्यांची खळी राखली साजगावात. राखायची, पण आत पाय ठेवायचा नाय. हे पहिलं आपलं." तुम्ही अगदी सहज बोललात, पुढं सरकलात. वकिलांच्या मुलीनं नाक सोडलं आणि तुमच्या शेजारी बसून तीही सारवायला लागली. त्या दिवसापासून मला तुमचा अभिमान वाटायला लागला, सर. त्याआधी नुसती भीती वाटायची.

आणि मग ते बुटांचं. महिनाभर मागं लागून तुम्ही कॉलेजकडून आमच्यासाठी कॅनव्हासचे बूट मिळवलेत. आम्ही घातले, मैदानाच्या कडेपर्यंत आलो आणि एकामागून एक काढून ओळीनं ठेवले. तुम्ही बघतच राहिलात. "अगं, काढता काय? खेळायला दिलेत ते." कॅप्टन म्हणाली, "खळ्यावर पायतान घालून कसं जायाचं सर? आई मारंल आमाला." तुम्ही समजावलंत, हे खळं नाही, कोर्ट आहे. "सारवलाय ना? मग खळंच हाय." तुम्ही थोडा वेळ टाचांवर बसून आमच्या पायांकडे पाहत राहिलात, मग स्वतःचे बूट काढून आमच्या ओळीच्या शेवटी ठेवलेत. बास्केटबॉल अनवाणी खेळणारा त्या काळी आपला एकच संघ असावा.

त्या जमिनीवर चेंडू जेमतेम गुडघ्यापर्यंत उडायचा. आपटत आपटत पळायची सोयच नव्हती. मग तुम्ही ठरवलंत, चेंडू जमिनीला लावायचाच नाही. एकीच्या हातातून दुसरीच्या, दुसरीच्या हातातून तिसरीच्या. हातात आला की दुसऱ्या क्षणाला गेला पाहिजे. "तापलेली भाकरी हाय असं समजा," तुम्ही ओरडायचात. एकदा मी खोपोलीच्या संघाविरुद्ध शहाणपणा केला. एकटीच चेंडू घेऊन घुसले आणि बास्केट केली. टाळ्या पडल्या. मी तुमच्याकडे मोठ्या ऐटीत पाहिलं, तर तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "बाकीच्या चौघी काय पाहुण्या आल्या होत्या?" तो सामना संपेपर्यंत मला कडेला बसवलंत. मी क्वार्टर्सपर्यंत रडत गेले. पुढं मी स्वतः शाळेत खेळाची शिक्षिका झाले, आणि हे वाक्य मी किती पोरींना ऐकवलं आहे म्हणून सांगू. त्याही रडत घरी गेल्या.

रविवारी सराव झाला की तुमच्या घरी. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि स्वयंपाकघर एवढंसं की आम्ही निम्म्या जणी दारात बसायचो. काकू चुलीपुढं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, नाहीतर वालाचं बिरडं. काकू एका हातानं भाकरी थापायच्या आणि मांडीवर पुस्तक उघडं. लग्न झालं तेव्हा त्यांचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं होतं. पुस्तकं त्यांनी वर्तमानपत्राची कव्हरं घालून पिठाच्या डब्यावर रचून ठेवली होती. मी एकदा विचारलं, काकू, आपल्याच कॉलेजात का नाही बसत? तर म्हणाल्या, "आणि ह्यांच्या समोरनं वेणी घालून जाऊ होय गं तुमच्याबरोबर? मुंबईला गेलो की तिथं सकाळचं कॉलेज असतं. कुणी ओळखत नाही, कुणी हसत नाही." मुंबई म्हणजे तुमच्यासाठी सिमेंटचं मैदान होतं, काकूंसाठी ते सकाळचं कॉलेज. तुमच्या घरात मुंबईचा विषय असा रोज भाकरीबरोबर असायचा.

मग ती आंतरकॉलेज स्पर्धा. आपण मुंबईला उतरतो. ते भलंमोठं कॉलेज, तिन्ही बाजूंना बसायच्या पायऱ्या, आणि मधे गुळगुळीत सिमेंट. आमच्या पायांत बूट आहेत, तुम्ही घरूनच बजावून आणलंय. शिट्टी होते, आम्ही पळत कडेपर्यंत जातो, आणि काय सांगू सर, पाचही जणी थांबून बूट काढतो आणि ओळीनं ठेवतो. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारही केला नाही. पायऱ्यांवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "देवळात आल्या का काय!" मी तुमच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तुम्ही कपाळाला हात लावणार. तुम्ही फक्त म्हणालात, "राहू द्या. भाकरी तापलीय, चला."

आणि आम्ही खेळलो. भर दुपारची वेळ, सिमेंट तव्यासारखं झालेलं. पाय टेकवत नव्हता, त्यामुळे आम्ही नेहमीपेक्षा जास्तच पळत होतो. त्या पोरी चेंडू आपटत नेत होत्या आणि आमचा चेंडू जमिनीला शिवतच नव्हता. त्यांना कळेचना की तो अडवायचा कुठे. पायऱ्यांवरचं हसणं कधी थांबलं ते मला समजलं नाही. पहिले दोन सामने आपण जिंकलो. तिसरा थोडक्यात हरलो, तेही पायांना फोड आले म्हणून. तुम्ही कुठूनसे बर्फाचे गोळे घेऊन धावत आलात. आम्ही हात पुढं केले तर म्हणालात, "खायचे नाहीत गं, पायाखाली धरा." लालपिवळ्या सरबताचे गोळे पायाखाली धरून आम्ही पाच जणी ओळीनं बसलो होतो, तेव्हा पांढऱ्या बुटांचे ते गृहस्थ आले. त्या मोठ्या कॉलेजचे खेळविभागाचे प्रमुख. त्यांनी तुमचा हात हातात घेतला आणि तो सोडेचनात. म्हणाले, "हे तुम्ही कुठं शिकलात?" तुम्ही म्हणालात, "खळ्यावर."

पुढच्या महिन्यात ते खास आपला सराव बघायला कर्जतला आले. बोलत बोलत बुटांसकट थेट मैदानात. आम्ही जागच्या जागी थांबलो. तुम्हाला त्यांना सांगायचा संकोच वाटत होता, ते तोंडावर दिसत होतं. कॅप्टननं मात्र वेळ लावला नाही. "ओ सायेब! पायतान काढा. खळ्यावर हाव तुमी." साहेब दचकले, मग खाली वाकून नाड्या सोडल्या आणि मोज्यांवर उभे राहून सगळा सराव पाहिला. जाताना मोजे हिरवे झाले होते. ते म्हणाले, "जूनपासून आमच्याकडे या. मुलाखत काय, नावापुरती असते." आणि पहिल्यांदाच, सर, त्या माणसानं तुमचं काम आधी पाहिलं होतं आणि आडनाव नंतर विचारलं होतं.

तुम्ही आम्हाला घरी बोलावून, जेवताना, सरळ सांगितलंत. "मी जायचं म्हणतोय. तुमचं काय म्हणणं?" मी बिरड्यातले वाल मोजल्यासारखी ताटाकडे बघत होते. तेव्हा कॅप्टन बोलली. "जा सर. आमी पण लगीन करून जाणारच हाव की. आमाला कुणी थांबवतंय व्हय?" मग तीच पदरात तोंड घालून रडायला लागली. तुम्ही उठून बाहेर गेलात. काकू तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या, ती करपली. त्या रडत नव्हत्या. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी मावशी दादरला असते ना गं? सकाळच्या कॉलेजात माझ्या वयाच्या बायका घेतात का, तेवढं विचारशील?" मी विचारलं. घेत होते.

निरोप समारंभ नको म्हणून तुम्ही परोपरीनं सांगितलंत, आधी हातात कागद तर पडू दे. पण आपल्या प्राचार्यांना समारंभाचं भारी वेड. एप्रिलमध्ये शेडला पताका लागल्या, शाल झाली, श्रीफळ झालं. प्राचार्यांनी भाषणात तुमच्यामुळं कॉलेजचं नाव मुंबईत गेल्याचं सांगितलं, आणि मैदानाला सिमेंट का दिलं नाही ते सांगितलं नाही. आम्ही पोरींनी मिळून तुम्हाला होल्डॉल दिला, मुंबईचा माणूस झालात म्हणून. प्रवासात अंथरूण-पांघरूण गुंडाळून न्यायचा, हिरव्या जाड कापडाचा, चामड्याच्या पट्ट्यांचा. तुम्ही तो तिथेच उघडून बघितलात आणि म्हणालात, "एवढं सामानच नाही गं माझ्याकडे." आम्ही तुमच्या पाया पडलो. मी सगळ्यात शेवटी पडले आणि उठायला उशीर केला.

मग सुट्टी लागली. मी भिवपुरीत, तुमची काहीच खबर नाही. सुट्टीभर मी घरात आईच्या पाठीमागं भुतासारखी फिरत होते. आई म्हणायची, मास्तर बदलला म्हणून कुणी जेवण सोडतं का?

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी संघातल्या पोरींबरोबर शेडच्या व्हरांड्यात उभी आहे. पागोळ्या गळतायत. आणि टोकाकडून तुम्ही येताय, गळ्यात शिट्टी, खांद्यावर तोच हिरवा होल्डॉल. आमच्यापाशी येऊन तुम्ही तो खाली ठेवलात आणि पट्टे सोडलेत. आत चेंडू. सगळेच्या सगळे. "सामान नव्हतं म्हणालो होतो ना, हे बघा, बरोब्बर मावले." आम्ही कुणीच हसलो नाही. मग तुम्हीच सांगितलंत. पांढऱ्या बुटांच्या साहेबांनी शब्द टाकला होता, पण मुलाखतीला पाच जण बसले होते आणि त्यांच्यात साहेबांचं काही चाललं नाही. त्यांना घरचाच माणूस मिळाला. साहेब जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि मान वर करून बघेनात. कॅप्टननं हळूच विचारलं, "चहा दिला का सर?" तुम्ही म्हणालात, "या वेळी बिस्किटं पण होती."

त्यानंतर तुम्ही पुन्हा मुलाखतीला गेला नाहीत. इस्त्रीचा शर्ट सणावाराला घालायला लागलात. दर दिवाळीला नव्या पोरी खळं चोपायला यायच्या आणि जुन्या लग्न करून जायच्या. कॅप्टन नेरळकडे दिली, वकिलांची मुलगी परदेशात गेली, मी खोपोलीच्या शाळेत लागले. तुम्ही मात्र शेवटपर्यंत त्याच शेडमध्ये. छप्पर गळतच होतं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत पोरींचा सराव घेत होते, तो तसाच टाकून साजगावला आले. मयताला केवढ्या बायका होत्या, सर. कडेवर पोरं घेऊन आलेल्या, सुना आणलेल्या. तुमच्या नात्यातले विचारत होते, ह्या सगळ्या कोण?

काकू आता साजगावातच असतात, पुतण्याकडे. नजर गेली आहे, पण कान तिखट. गेल्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "तू शिकलेली, ह्यांच्याबद्दल काहीतरी लिही की गं. त्यांनाच लिहिल्यासारखं लिही. मला वाचून दाखव, म्हणजे दोघांनाही पोचलं." मला ते पटलं. म्हणून हे चार दिवस बसून लिहिते आहे, आणि काकूंना हसू यावं म्हणून गोळ्यांचं आणि हिरव्या मोज्यांचं मुद्दाम खुलवून लिहिलं. सगळं लिहून झाल्यावर वाचलं तर त्यात एक गोष्ट नव्हती, आणि तिच्यावाचून हे पत्र खोटं वाटायला लागलं. म्हणून तीही लिहिते.

त्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला तुम्ही दिसलात तेव्हा मला आनंद झाला. थोडाथोडका नाही. तुम्ही बिस्किटांचं सांगत होतात, तुमचा चेहरा इतका उतरलेला होता, आणि माझ्या मनात एकच घोळत होतं की आता हे कुठेही जाणार नाहीत. घरी जाऊन मी आईला शिरा करायला लावला. आईनं विचारलं, "काय गं, पास झालीस का?" मी म्हटलं, हो. त्या वेळी मी लहान होते म्हणून सोडून देता आलं असतं. पण आता मला त्या मुलाखतीतले पाच जण ठाऊक आहेत, त्यांच्यासारखे आणखी किती ते ठाऊक आहे, त्या दिवशी काकूंचं काय कायमचं राहून गेलं तेही ठाऊक आहे. त्या लोकांचा राग येतो, अजून येतो. आणि तरीही तो व्हरांडा आठवला की मला आनंदच होतो, सर. तेव्हा झाला तसाच.

हे काकूंना कसं वाचून दाखवू? ही ओळ गाळून वाचीन म्हटलं तर त्यांना कळेल. माझा आवाज कुठे अडखळतो ते त्यांना बरोबर समजतं. उद्या साजगावला जायचं आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन, अजून लिहून व्हायचंय.